प्रसिद्धीला दिलेल्या तासाचा हिशोब

आपले व्यापारी व कारागीर बंधू पैशाचा हिशोब ठेवतात. रोजकीर्द लिहितात, उधारीची वही सांभाळतात, कोणाकडे किती बाकी आहे हे तोंडपाठ सांगतात. परंतु वेळेचा हिशोब ठेवणारा दुकानदार क्वचितच भेटतो. त्यातही गिऱ्हाईक मिळवण्यासाठी घातलेल्या वेळेचा हिशोब तर कोणीच ठेवत नाही. हँडबिले वाटणे, आठवडी बाजारात फिरणे, जुन्या गिऱ्हाइकांची विचारपूस करणे, मोबाईलवर मालाची छायाचित्रे टाकणे, या सर्व कामांना वेळ लागतो. पैसा जात नाही म्हणून हा वेळ फुकटचा आहे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ज्याचे दुकान म्हणजे त्याचे दोन हात, अशा शिंप्याचा, वेल्डरचा, गादीवाल्याचा तास हेच त्याचे भांडवल होय. तो तास कुठे गेला व काय घेऊन आला, हे पाहण्याची एक सोपी रीत या पाठात आपण समजून घेऊ.

जुना विचार, जुनी उदाहरणे

हा विचार नवा नाही. अमेरिकेतील मुद्रक व व्यापारी बेंजामिन फ्रँकलिन याने १७४८ मध्ये एका तरुण व्यापाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या उपदेशात हाच मुद्दा मांडला होता. दिवसाकाठी ठरावीक रक्कम कमावणारा माणूस अर्धा दिवस रिकामा बसला, तर त्याचा खर्च केवळ चहापाण्याचा नसतो, बुडालेली अर्ध्या दिवसाची कमाईही त्यात धरली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

प्रसिद्धीच्या कामात वेळ घालावा की नाही, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडामुळे जमीन विषारी होईल, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये होती. माल चांगला असूनही तो खपेना. नुसता माल चांगला असून भागत नाही, तो समजावून सांगावा लागतो, हा धडा त्या काळचा आहे. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी तेथून 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची व त्याच्या मालाची खबर लोकांपर्यंत नेणारे हे पत्रक होते. त्यातूनच पुढे मराठीतले नामवंत 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीनेही १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी 'द फरो' हे नियतकालिक काढले, ते आजही निघते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, गिऱ्हाइकाला उपयोगी माहिती सातत्याने देत राहणे हा खरोखरच धंद्याचा भाग आहे. दुसरी, कारखानदार या कामासाठी वेगळा माणूस नेमू शकतो. परभणीच्या बाजारातील एकट्या कारागिराकडे वेगळा माणूस नाही. तो हँडबिले वाटायला गेला की त्याचे यंत्र बंद पडते. म्हणून त्याने प्रत्येक तास मोजूनच खर्च केला पाहिजे.

पहिली पायरी : आपल्या तासाचा भाव काढा

समजा, एक शिंपी आहे. महिन्याची शिलाई २४,००० रुपये जमते. दुकानभाडे, वीज, दोरा, बटणे व यंत्राची दुरुस्ती मिळून ५,२८० रुपये जातात. हाती राहतात १८,७२०. तो महिन्यात २६ दिवस, रोज ९ तास दुकानात असतो, म्हणजे २३४ तास. १८,७२० ला २३४ ने भागले की ८० रुपये येतात. हा त्याच्या तासाचा भाव झाला. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतून आपला भाव काढावा.

आता एका नव्या गिऱ्हाइकाचे काम पाहू. शिलाई ९०० रुपये. दोरा, बटणे व वीज ९० रुपये. उरले ८१०. कामाला ७ तास लागले. त्या तासांचे ८० रुपयांप्रमाणे ५६० झाले. आपली मजुरी वजा जाता या गिऱ्हाइकामागे २५० रुपये शिल्लक राहिले. ही शिल्लक राहते याचे कारण असे की, सरासरी भावात दुकानातील रिकामा वेळही धरलेला असतो, म्हणून काम हातात असलेल्या तासाची कमाई सरासरीपेक्षा जास्त निघते.

दुसरी पायरी : कोणते काम काय घेऊन आले ते लिहा

अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले जाणकार क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात असा आग्रह धरला की प्रत्येक जाहिरातीचे फळ वेगळे मोजले पाहिजे. त्यासाठी जाहिरातीच्या कूपनवर खूण छापण्याची पद्धत होती. आलेल्या कूपनावरची खूण पाहून ते कोणत्या जाहिरातीमुळे आले हे कळत असे. आपल्याला कूपन छापण्याची गरज नाही. नवे गिऱ्हाईक आले की "आमचे दुकान कसे कळले?" एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत लिहावे.

आपल्या शिंप्याने चार आठवडे असे लिहिले, असे समजू.

हँडबिले : आठवडी बाजारांत फिरून वाटली. १२ तास गेले. छपाई व एस.टी.चे भाडे ९०० रुपये. नवी गिऱ्हाइके ६. शिल्लक १,५०० रुपये. त्यातून ९०० वजा जाता ६०० उरले. तासाला ५० रुपये.

मोबाईल : रोज अर्धा तास कपड्यांची छायाचित्रे टाकण्यात गेला. २८ दिवसांचे १४ तास. वेगळा खर्च नाही. नवी गिऱ्हाइके ४. शिल्लक १,००० रुपये. तासाला सुमारे ७१ रुपये.

जुनी गिऱ्हाइके : मापाच्या वहीतून नावे काढून फोन केले, जवळच्यांना प्रत्यक्ष भेटले. ५ तास गेले, खर्च १०० रुपये. गिऱ्हाइके परत आली ९. शिल्लक २,२५०, त्यातून १०० वजा जाता २,१५०. तासाला ४३० रुपये.

शिंप्याच्या तासाचा भाव ८० आहे. याचा अर्थ, हँडबिलांच्या प्रत्येक तासामागे त्याचे ३० रुपये बुडाले आणि मोबाईलमागे सुमारे ९ रुपये. सर्वांत कमी वेळ जेथे दिला, तेथून सर्वांत जास्त मिळाले. असे कितीतरी दुकानांत होत असेल, पण वहीत लिहिल्याशिवाय ते दिसत नाही. दुकानात चार नवी तोंडे दिसली की प्रसिद्धी फळाला आली, असे वाटते. ती चार तोंडे किती तासांना पडली, हे कोणी विचारत नाही.

या हिशोबात होणाऱ्या चुका

येथे घाई करू नये. हा हिशोब वाचताना चार गोष्टी सांभाळाव्यात.

एक, जुन्या गिऱ्हाइकांचे ५ तास ४३० रुपयांनी फळले म्हणून ५० तास तेच करावे, असा अर्थ होत नाही. वहीतली नावे संपतात. पहिल्या तासाला मिळते ते दहाव्या तासाला मिळत नाही. शिवाय त्याच माणसाला वारंवार फोन केला तर तो कंटाळतो.

दोन, जुनी गिऱ्हाइके मुळात कोठून आली? कधीतरी ती नवीच होती. नवे येणे थांबले तर वही जुनी होत जाते. म्हणून नव्या गिऱ्हाइकाचा लाभ एका कामावर न मोजता तो वर्षभरात किती वेळा आला, यावर मोजावा.

तीन, चार आठवड्यांत चार-सहा गिऱ्हाइकांचा आकडा फार लहान असतो. एका लग्नघराचे काम आले तरी चित्र बदलते. ५० आणि ७१ यांतील फरकावर निर्णय घेऊ नये. ७१ आणि ४३० यांतील फरक मात्र डोळ्यांआड करू नये.

चार, आणि ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तासाचा भाव वर्षभर सारखा नसतो. यंत्र रिकामे असेल तेव्हा प्रसिद्धीला दिलेला तास कोणतीही शिलाई बुडवत नाही. आलेल्या कामाला लागलेले ७ तासही नाहीतर रिकामेच गेले असते. अशा वेळी एका गिऱ्हाइकामागे २५० नव्हे, तर पूर्ण ८१० रुपये हाती येतात. तीच ६ गिऱ्हाइके धरली तर ४,८६० रुपये होतात. ९०० वजा जाता ३,९६०, म्हणजे तासाला ३३० रुपये. तीच हँडबिले, तेच १२ तास. गर्दीच्या दिवसांत तोटा आणि मोकळ्या दिवसांत नफा. सबब, प्रसिद्धी कोणती करावी याइतकाच ती केव्हा करावी हाही प्रश्न मोठा आहे.

तिसरी पायरी : परभणीचे वर्ष समोर ठेवा

मोकळे दिवस म्हणजे कोणतेही दिवस नव्हेत. जून-जुलैमध्ये पेरणीच्या वेळी आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचा पैसा बी-बियाणे व खतात गुंतलेला असतो. त्या वेळी हँडबिल वाटून कपडे, गाद्या वा कपाटे खपणार नाहीत. आपले हात मोकळे आहेत आणि गिऱ्हाइकाच्या हाती पैसा येण्याच्या बेतात आहे, असे आठवडे शोधले पाहिजेत.

सोयाबीनची काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते आणि कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. त्यानंतर सेलू, मानवत, परभणी येथील बाजारांत शेतमालाचा पैसा फिरू लागतो. लग्नाचे साहित्य, गाद्या, भांडी, लाकडी सामान व कपडे यांचा धंदा करणाऱ्यांनी प्रसिद्धीचे तास सप्टेंबरमध्ये खर्च करावेत. नोव्हेंबरमध्ये काम अंगावर आल्यावर हँडबिले वाटत बसणे म्हणजे महागडा तास स्वस्तात विकणे होय.

लोहार, वेल्डर व फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्यांचे वर्ष वेगळे आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. स्थापना दिनी तेथे खरिपाचा शेतकरी मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. दूरदूरच्या गावांतील शेतकरी त्या दिवशी स्वतःहून शहरात येतात. दहा गावे फिरून जे लोक भेटायचे, ते एका दिवशी एका ठिकाणी भेटतात. औजारांच्या कारागिराने दहा दिवस आधी जुन्या गिऱ्हाइकांना "येताना पंप घेऊन या, परत जाताना दुरुस्त करून देतो" एवढा निरोप दिला, तर त्या एका तासाचे मोल फार मोठे ठरेल.

परभणीचा हजरत तुराबुल हक शाह यांचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतो. सर्व समाजांचे लोक त्यासाठी येतात. हा दिवस इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे जवळजवळ स्थिर आहे. रमजान मात्र दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो, कारण चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. २०२४ मध्ये तो १२ मार्चला सुरू झाला, २०२५ मध्ये २ मार्चला. गणिताप्रमाणे २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि २०२८ मध्ये जानेवारीअखेर. म्हणजे उरुसाचे दिवस व रमजानचे दिवस एकमेकांवर येतात. जो दुकानदार आधी उरुसात कमावून, मग दम घेऊन ईदच्या कामाला लागत होता, त्याला दोन्ही कामे एकदम येतात. टोपी, अत्तर, बांगड्या, शेवया विकणाऱ्यांनी माल केव्हा भरायचा आणि शिंप्यांनी ईदची कामे केव्हापासून घ्यायची, हे आधीच्या डिसेंबरमध्येच ठरवावे लागेल. प्रसिद्धीचे तासही त्याच महिन्यात घालावे लागतील. जो हे ध्यानात घेणार नाही, त्याचे वर्षाचे दोन मोठे हंगाम एकाच पंधरवड्यात चिरडले जातील.

चौथी पायरी : एकदा केलेले काम पुन्हा वापरा

तास वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तेच काम दोनदा न करणे. गिऱ्हाईक नेहमी तीनच प्रश्न विचारते. भाव काय? केव्हा मिळेल? आगाऊ किती द्यायचे? दिवसातून वीस वेळा याची उत्तरे देण्यापेक्षा स्वच्छ अक्षरांत भावफलक लावावा आणि त्याचेच छायाचित्र मोबाईलवर ठेवावे. मापाची वही नीट ठेवली तर तीच गिऱ्हाइकांच्या नावांची यादी होते. छायाचित्रे रोज काढत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, उजेड चांगला असताना, एक तासात सर्व काढावीत. आपल्या उदाहरणातील शिंप्याने असे केले तर महिन्याचे १४ तास ४ वर येतील. वाचलेल्या १० तासांत एखादे पूर्ण काम शिवून होईल. गिऱ्हाईक चारऐवजी तीन आले, तरी तो फायद्यात राहील.

या कामाची वेळही ठरलेली असावी. यंत्रावरून दर दहा मिनिटांनी उठून मोबाईल पाहणाऱ्याचा धागाही तुटतो आणि लक्षही. दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेवढा वेळ त्यासाठी राखावा.

पाचवी पायरी : झेपेल तेवढेच बोलवा

प्रसिद्धी फळाला आली आणि काम वेळेवर झाले नाही, तर घातलेला तास उलट फिरतो. समजा, शिंप्याच्या दुकानात रोज ४ जोड तयार होतात आणि ईदपूर्वी कामाचे २६ दिवस आहेत. १०४ जोडांपलीकडे त्याची ताकद नाही. त्याने १५० जोड घेतले तर चाँदरातीला ४६ घरांत मुले नव्या कपड्यांची वाट पाहत बसतील. ती ४६ घरे पुढच्या वर्षी तर येणार नाहीतच, आणखी चार घरांनाही सांगतील. शिवाय "उद्या या" ऐकून पालम वा सोनपेठहून तीनदा फेरी मारणाऱ्याचाही वेळ जातो. त्या वेळेलाही भाव आहे, हे विसरू नये. म्हणून १०० जोड झाले की "ईदचे काम घेणे बंद" अशी पाटी लावावी. ती पाटी हीदेखील एक जाहिरातच असते.

घरच्यांचा तासही मोजा

शेवटी एक मुद्दा, जो आपल्या हिशोबात कधीच येत नाही. काज-बटण, तुरपाई, पाकिटे भरणे, मोबाईलवर उत्तरे देणे ही कामे घरातील स्त्रिया व मुले करतात. त्यांचा तास आपण शून्य धरतो, म्हणून धंदा नफ्यात दिसतो. आपल्या उदाहरणातील ९०० रुपयांच्या कामात घरच्या बाईचे दोन तास तुरपाईत गेले असतील, तर त्या कामाला ७ नव्हे, ९ तास लागले. २५० ची शिल्लक ९० वर आली. खरा भाव हा आहे. तो कळला तर शिलाई वाढवायची, की काज-बटणासाठी मजुरी द्यायची, याचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो. आणि दहावीच्या मुलीच्या अभ्यासाचा तास दुकानाचा मोबाईल सांभाळण्यात जात असेल, तर त्याची किंमत यंदाच्या वहीत दिसणार नाही, पुढच्या दहा वर्षांत दिसेल.

चार आठवड्यांचा स्वाध्याय

१. आपल्या तासाचा भाव काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. घरच्यांचे तासही त्यात धरा.

२. प्रसिद्धीच्या प्रत्येक कामासाठी वेगळे पान करा. तास, खर्च, आलेली गिऱ्हाइके आणि शिल्लक हे चार रकाने पुरे.

३. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला "कसे कळले?" हा प्रश्न विचारा.

४. चार आठवड्यांनी प्रत्येक कामाचा तासाचा भाव काढा. जे काम आपल्या तासाच्या भावाच्या निम्म्यानेही फळत नाही, ते गर्दीच्या दिवसांत बंद करा आणि मोकळ्या दिवसांत एकदा करून पाहा.

५. येत्या वर्षाचे कॅलेंडर घेऊन त्यावर पेरणी, काढणी, शेतकरी मेळावे, उरूस, रमजान आणि लग्नसराई यांच्या खुणा करा. प्रत्येक हंगामाच्या आधीचे तीन आठवडे प्रसिद्धीसाठी राखून ठेवा.

वही साधी असो, दोन रुपयांची पेन्सिल असो. रोज दुकान वाढवताना पाच मिनिटे पुरतात. महिन्याचे झाले दोन-अडीच तास. आपल्या शिंप्याच्या भावाने त्यांची किंमत दोनशे रुपयांच्या आत आहे. हँडबिले आणि मोबाईल यांत त्याचे बुडत होते त्यापेक्षा ही रक्कम कमीच आहे.